तिकीटपुस्तकं परत आली तेव्हा: फोंडा तालुक्यातल्या एका सेवाक्लबचं प्रकरण

नाटकाच्या प्रयोगाला नऊ दिवस उरले होते आणि माझ्या टेबलावर अकरा तिकीटपुस्तकं परत आली होती. एका पुस्तकात दहा तिकिटं, एक तिकीट ६०० रुपयांचं. सात पुस्तकांची तर पिनही ढिली झालेली नव्हती. एकातलं पहिलं तिकीट तेवढं गेलेलं, आणि काउंटरफॉइलवर नाव होतं त्या सदस्याच्याच बायकोचं. पुस्तकं कुणाची हे बघायला ती उघडावीही लागली नाहीत. जुन्या सदस्यांना आम्ही पहिले नंबर देतो. ही सगळी शेवटच्या नंबरांची होती, म्हणजे जूनमध्ये क्लबात आलेल्या आठ जणांची.

मी या क्लबचा खजिनदार. त्याआधी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे परत आलेल्या कागदाकडे बघायची एक सवय जडलेली आहे. परत आलेला चेक जसा खातेदाराबद्दल काही सांगतो, तशी ही पुस्तकं आमच्याबद्दल काही सांगत होती. फक्त ते ऐकायला आम्हाला दोन महिने लागले.

क्लबचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. आकडे वहीतले जसेच्या तसे नाहीत, प्रमाण कळावं इतपत गोल केलेले आहेत. फोंड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा ओळखणारे ओळखतीलच.

जूनमधली भरती

आमच्यासारखे क्लब ज्या मोठ्या संस्थांशी जोडलेले असतात त्यांचा जन्म शिकागोचा. रोटरी १९०५ ची, पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केलेली. लायन्स १९१७ ची, मेल्विन जोन्स या विमाव्यावसायिकाची. दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष दर वर्षी बदलतो. मावळत्या अध्यक्षाला आपल्या वर्षात सदस्य वाढले असं दाखवायचं असतं, म्हणून जून हा भरतीचा महिना. बाहेर मृगाचा पाऊस आणि आत फॉर्म भरणं चालू. वरच्या संस्थेची वर्गणी डॉलरमध्ये ठरते. रोटरीत २०२५-२६ साली ती माणशी ८२ डॉलर होती. तिच्यावर जिल्ह्याची, मग क्लबची, मग जेवणाची. वरचं बिल सहामाहीला, त्या वेळच्या सदस्यसंख्येवर येतं. त्यामुळे जूनमध्ये आलेली माणसं डिसेंबरात गळतात तेव्हा कुणी हळहळत नाही. उलट पुढच्या बिलाआधी यादी स्वच्छ झाली म्हणून खजिनदार सुटकेचा श्वास टाकतो. मीही टाकलेला आहे.

त्या जूनमध्ये आलेले आठ जण असे: सरकारी इस्पितळातली एक नर्स, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करणारा तिशीतला तरुण, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका, नुकतीच सीए झालेली मुलगी, दुचाकीचं गॅरेज चालवणारा एक, रोपवाटिकावाला एक, जमिनीची दलाली करणारा एक आणि एक दंतवैद्य. इतकी मिश्र तुकडी आमच्याकडे पूर्वी कधी आली नव्हती. जुने सदस्य बहुतेक दुकानदार, कंत्राटदार, डॉक्टर आणि माझ्यासारखे निवृत्त.

त्यांना पिन लावली, शपथ दिली, फोटो काढला, मग फेलोशिप, म्हणजे जेवण. फॉर्मवर आम्ही काय विचारतो ते मी नंतर मुद्दाम काढून पाहिलं. नाव, व्यवसाय, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, जोडीदाराचं नाव, रक्तगट. रक्तगट विचारतो! तुम्हाला काय येतं, आठवड्यात किती वेळ देता येईल, कशासाठी आलात, यातलं एकही नाही. माणसाच्या अंगात कुठलं रक्त आहे ते आम्हाला माहीत होतं, हातात काय आहे ते नव्हतं.

बायकांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. रोटरीत बायकांना घेण्याच्या बाजूने १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, १९८९ साली रोटरीने जगभर नियम बदलला. लायन्सनेही १९८७ मध्ये दार उघडलं. आमच्या क्लबात पहिली स्त्री सदस्य यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. आली तेव्हा तिच्या हातात आरतीचं ताट दिलं आणि माइक दिला: स्वागत आणि निवेदन. या तुकडीतल्या तिघींनाही पहिल्या सहा महिन्यांत तेच मिळालं. नर्स, शिक्षिका आणि सीए दारात उभ्या राहून पाहुण्यांना गुलाब देत होत्या.

नाटकाचा हिशेब

निधीसाठी आमचा एकच ठरलेला कार्यक्रम. मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या गाजत्या व्यावसायिक नाटकाचा प्रयोग फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात लावायचा, सोबत जाहिरातींची स्मरणिका काढायची. ही प्रथा सुरू केली भाईंनी. भाई आमचे संस्थापक सदस्य, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे. नाटकवाल्यांशी त्यांचे जुने संबंध, त्यांच्या शब्दावर तारीख मिळते. गोव्याला नाटकाचं वेड आहेच. पण एक गोष्ट आम्ही सोयीस्कर विसरत होतो. इथे माणूस नाटक बघतो तो जत्रेला, काल्याला, देवळापुढच्या मांडवात. फुकट, पहाटेपर्यंत, अंगावर चादर घेऊन. त्याला ६०० रुपयांचं तिकीट विकायला जायचं म्हणजे तो नाही म्हणत नाही, तो म्हणतो, "पळयां". पळयां म्हणजे बघूया. गोव्यात राहणाऱ्याला पळयांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्या वर्षीचा हिशेब असा होता. तिकिटं गेली ३५०, जमा २,१०,०००. स्मरणिकेला ३७ जाहिराती, जमा १,८५,०००. एकूण ३,९५,०००. खर्चात प्रयोगाचं मानधन १,७५,०००, कलाकारांचं राहणं-जेवण २२,०००, सभागृह ३०,०००, स्मरणिकेची छपाई ४८,०००, आणि फलक, पुष्पगुच्छ, शाल-श्रीफळ वगैरे २६,०००. खर्च ३,०१,०००. उरले ९४,०००. सभेत टाळ्या झाल्या, स्टेजवर मोठ्या चेकचा फोटो निघाला.

टाळ्या थांबल्यावर सीए मुलीने हात वर केला. सभेतला तिचा तो पहिलाच प्रश्न. "काका, या ३५० तिकिटांपैकी आपल्याच सदस्यांनी घेतलेली किती?"

मला ते माहीत नव्हतं. चौतीस वर्षांच्या बँकवाल्याला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण माहीत नव्हतं. घरी जाऊन काउंटरफॉइलं लावली, दोन रात्री गेल्या. सदस्य आणि त्यांच्या घरच्यांनी घेतलेली तिकिटं १४०. सदस्यांच्या दुकानातले नोकर, पुरवठादार, उपकंत्राटदार, म्हणजे ज्यांना नाही म्हणता येत नाही असे, १३०. सभागृहाच्या खिडकीवर येऊन आपणहून तिकीट काढलेले ८०. जाहिरातींचीही तीच गत: ३७ पैकी २९ सदस्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्याशी धंदा असलेल्या पेढ्यांच्या.

१४० तिकिटांचे ८४,००० होतात. म्हणजे सदस्यांनी तेवढेच पैसे डब्यात टाकले असते आणि प्रयोगाच्या रात्री घरी टीव्ही बघत बसले असते, तर निधी फक्त दहा हजारांनी कमी पडला असता. आम्ही तीन लाख रुपये मंचावरून फिरवले ते एवढ्यासाठी. नाटक चांगलं होतं हे खरं. पण ते बघायला पैसे दिले असं म्हणावं, समाजासाठी निधी उभा केला असं म्हणू नये.

आणि या गणितात नव्या माणसाची जागा कुठे? जुन्याकडे दुकान आहे, पुरवठादार आहेत. तो वीस तिकिटं दुपारच्या जेवणाआधी खपवतो. नर्सने ती कुणाला विकायची? वॉर्डातल्या पेशंटला? औषध कंपनीतल्या पोराने आपल्या वरिष्ठाला विकायची? आम्ही त्यांना काम दिलं नव्हतं, कोटा दिला होता.

फोनवरच्या गोष्टी

मार्चपर्यंत आठांतले पाच बैठकीला यायचे थांबले. यादी स्वच्छ करायची वेळ आली तेव्हा मी अध्यक्षांना म्हटलं, या वेळी नुसतं नाव खोडायच्या आधी फोन करू. अध्यक्ष म्हणाले, तुम्हीच करा. केले.

दलालाने सरळ सांगितलं, ओळखी वाढतील म्हणून आलो होतो, वाढल्या नाहीत. हिशेब चोख होता, मी वाद घातला नाही. दंतवैद्य म्हणाले, दर शनिवारी रात्री नऊ म्हणजे साडेदहा, घरी दोन लहान मुलं आहेत. गॅरेजवाला बराच वेळ घुटमळला, मग म्हणाला, "पुस्तक परत द्यायची लाज वाटली, म्हणून यायचा थांबलो." हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं. पैशाची अडचण नव्हती त्याची. स्वतःच सगळी तिकिटं घेणं त्याला पटत नव्हतं आणि परत करणं कमीपणाचं वाटत होतं.

नर्स फोनवर बोलली नाही. म्हणाली, "सर, रविवारी वेळ असेल तर माझ्याबरोबर या, दोन घरं दाखवते."

गेलो. पहिलं घर आडवाटेचं, कौलारू, पुढे सोपो, तीन उंच पायऱ्या आणि चांगला वीतभर उंबरठा. आत खाटेवर सत्तरीच्या आजी, मांडीचं हाड मोडून बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून, घरी आलेल्या. कोपऱ्यात एक व्हीलचेअर घडी घालून भिंतीला लावलेली, वर वाळत घातलेले टॉवेल. तिच्या पाठीवर आमच्या क्लबचं नाव आणि बोधचिन्ह. दोन वर्षांपूर्वीच्या नाटकाच्या निधीतून आम्ही डझनभर व्हीलचेअर वाटल्या होत्या, त्यातली ती.

नर्सने पर्समधून शिवणकामाची टेप काढली. खुर्ची उघडून मोजली: चाकापासून चाकापर्यंत २५ इंच. मग न्हाणीघराचं दार मोजलं: २३ इंच. टेप गुंडाळून परत पर्समध्ये टाकली आणि काही बोलली नाही. आजींची सून म्हणाली, "खुर्ची बरी आसा, पूण भितर वचना." चांगली आहे, पण आत जात नाही. त्यांना हवी होती कमोडची खुर्ची, खाटेशेजारी ठेवता येईल अशी, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, ती पंपावर चालणारी. दोन्ही मिळून एका व्हीलचेअरच्या आसपासच पैसे.

दुसऱ्या घरी वेगळं काही नव्हतं. तिथे व्हीलचेअरही नव्हती.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, "हे तुम्ही क्लबात का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "कुणी विचारलं नाही. मी गुलाब देत होते."

बेगमीचा बाजार

एप्रिलच्या बोर्ड मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडल्या. एक, रुग्णोपयोगी साहित्याचं केंद्र काढायचं: वस्तू वाटायच्या नाहीत, अनामत घेऊन वापरायला द्यायच्या, गरज संपली की परत घ्यायच्या. दोन, त्यासाठीचा कार्यक्रम नव्या सदस्यांनी ठरवायचा आणि तिकीटपुस्तक छापायचं नाही.

पहिल्याला विरोध झाला नाही. दुसऱ्यावर दीड तास गेला. भाई म्हणाले, "नाटक ही आपल्या क्लबची ओळख आहे. उद्या लोक म्हणतील, या लोकांनी आता भाजी विकायला घेतली." हसू झालं, पण ते चिडून बोलले नव्हते, दुखावून बोलले होते. तो फरक मला तेव्हा कळायला हवा होता.

कल्पना शिक्षिकाबाईंची. मे महिना म्हणजे पुरुमेंताचा. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला हा शब्द. आपल्या मराठीत बेगमी. पावसाचे चार महिने निघावेत म्हणून सोलां (आमसुलं), सुक्या मिरच्या, मीठ लावून गोळे केलेली चिंच, उकडे तांदूळ, फणसाचे पापड, आंब्याची साटं, सुकी मासळी भरून ठेवायची. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला पुरुमेंताचा मोठा बाजार भरतो, लांबून लोक जातात. बाई म्हणाल्या, "माझ्या शाळेतल्या मुलांच्या आया हे सगळं घरी करतात आणि फोंड्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला उन्हात बसून विकतात. त्यांना एक दिवस सावली आणि टेबल देऊ. आपणही परसातलं आणून एक टेबल लावू."

जागेवरून पहिला खटका उडाला. एका देवस्थानचं आवार मिळत होतं, मोठं, सावलीचं, पार्किंगसकट. पण देवळाच्या आवारात सुकी मासळी कशी चालेल? आणि सुंगटां (कोळंबी)-बांगड्यांशिवाय पुरुमेंत म्हणजे काय, नुसती मिरची? शेवटी एका शाळेचं मैदान घेतलं. मासळीची टेबलं वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावायची हे रोपवाटिकावाल्याने सुचवलं. वारा कुठून येतो हे बघायला तो आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानात उदबत्ती घेऊन उभा होता.

लकी ड्रॉ हवाच, असं तिघा-चौघांचं म्हणणं. तिकीट विकून सोडत काढली की ती कायद्याच्या नजरेत लॉटरी होते, आणि सरकारची किंवा सरकारने परवानगी दिलेली नसलेली लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम २९४-अ होतं, आता भारतीय न्यायसंहितेचं २९७. "सगळेच करतात" हे उत्तर आलं. बँकेत हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकलं त्या त्या वेळी पुढे चौकशी लागली. ड्रॉ वगळला. मग कुणीतरी म्हणालं, आपणच हौशी नाटक बसवू, मानधन वाचेल. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाला सूट आहे, पण प्रेक्षक फुकट असतील तर, किंवा प्रयोग धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तर. तिकीट लावलं की लेखकाची परवानगी आणि मानधन आलंच. तोही विषय तिथे मिटला.

खरा पेच आला तो गॅरेजवाल्याच्या मेहुण्यामुळे. मेहुणा इंग्लंडमध्ये. त्याने कळवलं, पन्नास हजार पाठवतो. आनंदीआनंद! सीए मुलीने एकच विचारलं, पासपोर्ट कुठला? पोर्तुगीज. गोव्यात हे घरोघरी आहे. १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी तो पासपोर्ट घेतलेला असतो. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देतो तेव्हा ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं तो कायद्याने विदेशी स्रोत, मग त्याचं घर आमच्या घराला लागून का असेना. एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेने ते पैसे घ्यायचे नाहीत. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. पन्नास हजार परत पाठवायला लागले नाहीत, कारण आधीच नको म्हटलं. "सख्ख्या बहिणीचा नवरा आणि विदेशी?" असं म्हणत गॅरेजवाला बराच वेळ मान हलवत होता.

तिने आणखी एक करून घेतलं, त्याचं मला सगळ्यात कौतुक वाटलं. दोन खाती स्वच्छ वेगळी केली. सदस्यांच्या वर्गणीतून क्लबचा खर्च: जेवण, फलक, पदग्रहण. लोकांकडून आलेल्या पैशातून फक्त लोकांचं काम. लायन्सच्या नियमावलीत हे लिहूनच ठेवलेलं आहे, आणि शहाणपण म्हणून कुठल्याही क्लबला लागू आहे. नाटकाच्या खर्चातले शाल-श्रीफळ कुठल्या खात्यात बसतात, असं तिने विचारलं तेव्हा मी चष्मा पुसत राहिलो. ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, फलकही तिनेच लिहिला: टेबलावरची खरेदी ही देणगी नव्हे, तिच्यावर करसवलत मिळणार नाही, निव्वळ देणगीची पावती क्लबचा न्यास देईल, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही. बाजारात असला फलक लावणारे आम्ही पहिलेच असू.

तो रविवार

सकाळी आठला मैदानात २२ टेबलं, भाडं टेबलाला ५००. त्यातल्या एकीने पाचशेची नोट देताना विचारलं, विक्री नाही झाली तर परत देणार का? देणार, असं शिक्षिकाबाईंनी कुणालाही न विचारता सांगून टाकलं. एकीलाही परत द्यावे लागले नाहीत.

आमच्या टेबलावर सदस्यांच्या घरून आलेलं: नारळ, सोलां, बिंबलांचं लोणचं, तांदळाचे पापड. डॉक्टरांच्या वहिनींनी चाळीस बरण्या लोणचं दिलं. वर्षानुवर्षं त्यांना आम्ही फक्त फेलोशिपच्या जेवणात बघत होतो. खाण्याच्या टेबलावर रसातल्या शिरवाळ्या, भाजीपाव, पन्हं. शिरवाळ्या अकरा वाजताच संपल्या.

पण माणसं थांबत होती ती एका पत्र्याच्या बोर्डापाशी. औषध कंपनीतल्या पोराने तो केला होता. बोर्डावर चिमट्यांनी लावलेली कार्डं, प्रत्येकावर एका वस्तूचं चित्र, किंमत आणि ती कुणाला लागते ते एका ओळीत. वॉकर १,५००. कमोड खुर्ची ३,०००. हवेची गादी ३,५००. ज्याला पूर्ण वस्तू द्यायची त्याने कार्ड काढून न्यायचं, मागे आपलं किंवा आईवडिलांचं नाव लिहायचं. शेजारी नर्स हवेची गादी टेबलावर पसरून बसली होती, पंप चालू. येणाऱ्याला तिच्यावर हात ठेवायला सांगायची. गादीतली एक रांग फुगते, शेजारची बसते, मग उलट. पाठीचा एकच भाग सतत दाबला जात नाही. तळहाताखाली ते हळूच सरकणं जाणवलं की माणूस गप्प व्हायचा. एका गृहस्थांनी बराच वेळ हात तसाच ठेवला, मग न बोलता एक कार्ड काढलं.

सव्वाचारला अवकाळी आला. विजा नव्हत्या, नुसती सर, पण आडवी. आमचं मांडवाचं कापड सावलीसाठी होतं, पावसासाठी नव्हतं. ती चूक माझी, ताडपत्रीचे चार हजार मीच वाचवले होते. सोलां भिजली. दोघींच्या मिरच्या भिजल्या. नुकसानीचे त्यांना पैसे दिले, त्यावरूनही पुढे बोर्ड मीटिंगमध्ये बोलणं झालं. सात वाजेपर्यंत चालायचा बाजार साडेचारला आटोपला.

हिशेब: टेबलांचं भाडं ११,०००, आमचं टेबल ३८,५००, खाणं ४१,०००, बोर्ड ४४,०००. एकूण १,३४,५००. खर्च: खाण्याचं सामान १६,०००, मांडव-टेबलं २१,०००, वीज आणि ध्वनिक्षेपक ४,५००, भिजलेल्या मालाची भरपाई आणि सफाई ३,०००, छपाई २,०००. खर्च ४६,५००. उरले ८८,०००. बोर्डावरचे ४४,००० म्हणजे सहा वॉकर, पाच कमोड खुर्च्या, चार गाद्या आणि वर सहा हजारांची सुटी नाणी-नोटा.

नाटकापेक्षा सहा हजार कमी. पुढच्या बैठकीत माजी अध्यक्षांपैकी दोघांनी हे लगेच दाखवून दिलं आणि ते बरोबरच होतं. शिवाय साठ माणसं दिवसभर राबली, नाटकाला पंधरा पुरतात. मी एवढंच म्हटलं की हे ८८,००० बहुतेक बाहेरून आलेत, सदस्यांचे खिसे शाबूत आहेत, तेव्हा दोन आकडे शेजारी मांडताना खाली रेघ कुठे मारायची ते ठरवा. पटलं की नाही सांगता येत नाही. बँकेतही ताळेबंद पटायला एक वर्ष लागायचं.

नंतर

आठांपैकी पाच टिकले. दलाल गेला, दंतवैद्य गेले (त्यांच्यासाठी बैठक दुपारी ठेवायला जुने तयार झाले नाहीत), आणि रोपवाटिकावाला बाजारानंतर का कोण जाणे, आलाच नाही. त्याला पुन्हा फोन करायचा राहून गेला, ते माझ्याकडे लागू. बाजारात 'मला हातभार लावायला आवडेल' अशी चिठ्ठी सतरा जणांनी भरून दिली होती. त्यांना लगेच फॉर्म द्या, जून आला आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं. नर्सने आणि बाईंनी अडवलं: आधी तीन महिने साहित्य केंद्रावर येऊ देत, मग पिन. अध्यक्षांच्या वर्षाची संख्या त्यामुळे वाढली नाही. ते अजून थोडे नाराज आहेत.

भाईंचं मात्र आम्ही नीट केलं नाही. बाजार ठरला त्या दिवसापासून ते आले नाहीत. नाटक बंद करायचं असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण वीस वर्षं जो माणूस तारखा आणत होता त्याला आम्ही एका ठरावाने मोकळं केलं आणि आभाराचं पत्रही टाइप करून पाठवलं, हाताने नेऊन दिलं नाही. नव्यांना काय येतं ते विचारायला शिकलो त्याच महिन्यात जुन्याला विचारायचं विसरलो. मी दोनदा घरी जाऊन आलो. चहा झाला, नाटकाच्या गप्पा झाल्या, क्लबचा विषय त्यांनी काढू दिला नाही.

साहित्य केंद्र गॅरेजच्या मागच्या खोलीत आहे. नोंदवही औषध कंपनीतल्या पोराने त्यांच्या कारखान्यातल्यासारखी आखली: वस्तू क्रमांक, नेली, कुणी नेली, परत, कुणी धुतली, सही. क्रमांक प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने घातलेले. अनामत ५००, नसेल तर नाही. पहिल्या पावसाळ्यात वॉकर एकही दिवस खोलीत राहिला नाही, कमोड खुर्च्यांना वाट बघणाऱ्यांची यादी लागली. ती जुनी व्हीलचेअर आजींच्या सुनेने आपणहून आणून दिली, टॉवेल काढून.

हवेच्या गादीच्या पानावर, क्रमांक ३ पुढे, 'परत' हा रकाना गेले नऊ दिवस कोरा आहे. परवा नर्स विचारायला गेली तर घरात माणसं जमलेली. ओसरीवर बसलेल्या मुलाने तिला ओळखलं, उठून म्हणाला, बारावं झालं की आणून देतो, धुऊनच देतो. तिने वहीत पेन्सिलीने तेवढंच लिहून ठेवलंय.